जेटने जेवण सोडलं

बाळांनो, क्षणभर असं समजा की तुम्ही पितळेचा एक तुकडा आहात. मक्याच्या दाण्याएवढा. तुमच्या पोटातून आरपार एक भोक गेलंय, आणि ते इतकं बारीक की सुईसुद्धा नाक मुरडून परत जाईल. त्या भोकातून पेट्रोल वर चढतं, आणि ते चढतं म्हणून एक अख्खी होडी माणसांसकट नदी पार करते. समजलात? आता जरा छाती काढून बसा. तुम्ही जेट आहात.

बघा, लगेच ताठ झालात. शिकवायची हीच खरी रीत. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून मला एवढं कळलं, की मुलांना वस्तू दाखवली तर ती जांभई देतात, हातात दिली तर खिशात घालतात, पण 'ती वस्तू म्हणजे तूच' असं सांगितलं की म्हातारपणीसुद्धा विसरत नाहीत. या रीतीचा मला फार अभिमान होता. अजूनही आहे. फक्त त्या शनिवारी संध्याकाळी तो थोडा वेळ कुठेतरी तोंड लपवून बसला होता.

आमच्या इमारतीच्या मागे नदी आहे. मागच्या पायऱ्या उतरल्या की धक्का, धक्क्याला बांधलेली आमची छोटी होडी, आणि होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं एक छोटं इंजिन. दोरी ओढून सुरू करायचं. इंजिन वयाने माझ्यापेक्षा बरंच लहान, पण खोकण्यात माझ्या पुढे. आदल्या आठवड्यात ते भर नदीत खोकलं, शिंकलं आणि गप्प बसलं. वल्ही मारत आम्ही काठाला लागलो ते पार प्रवाहाच्या खालच्या अंगाला असलेल्या कारखान्याच्या पाठीमागे, गुडघाभर चिखलात. आजी (म्हणजे माझी बायको, तुम्हीही तिला आजीच म्हणा) तिथून घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. ज्यांची लग्नं झाली आहेत त्यांना याचा अर्थ कळेल. तुम्हाला कळायला अजून अवकाश आहे.

आणि नेमकं रविवारी सकाळी पलीकडच्या काठावरच्या सभागृहात आजीचं गाणं होतं.

"अहो, उद्या माझं गाणं आहे," आजी म्हणाली.

"ठाऊक आहे."

"गटात नाही. एकटीने. आयुष्यात पहिल्यांदा."

"ठाऊक आहे गं."

"पूल दुरुस्तीसाठी बंद आहे."

"तेही ठाऊक आहे."

"मग त्या इंजिनाला हात लावू नका."

आता तुम्हीच सांगा, यात काही तर्क आहे का? इंजिन खोकतंय. मेकॅनिक म्हणतोय, सोमवारी बघतो. गाणं रविवारी. आजी गेले कित्येक महिने त्या गाण्यासाठी गुळण्या करतेय. घरातलं सगळं मीठ तिच्या गळ्यात गेलं आणि आमटी अळणी राहिली. आणि ऐन दिवशी होडी जर कारखान्याच्या चिखलात रुतली, तर ती गाणार कोणासमोर? बेडकांसमोर?

"तू गळ्याची काळजी घे," मी म्हणालो. "इंजिनाचा गळा मी साफ करतो. नुसतं ट्यूनिंग तर करायचंय. प्लग घासायचा, कार्ब्युरेटर धुवायचा, पुन्हा बसवायचा. चहा निवायच्या आत होईल."

"तुम्ही नुसतं ट्यूनिंग केलंत तर प्रश्न नाही," आजी म्हणाली. "तुम्ही शिकवायला लागता."

बायका किती दूरचं बघतात, हे नवऱ्यांना नेहमी दुसऱ्या दिवशी कळतं.

अंगणात मी लाकडी घोडीवर इंजिन अडकवलं. त्याचा पाय, म्हणजे पंखा असलेला खालचा भाग, पाण्याने भरलेल्या निळ्या पिंपात सोडला, कारण असलं इंजिन पाण्याशिवाय चालवलं तर तापून बसतं. मग झाकण काढलं. झाकण काढलेलं इंजिन आणि झाकण काढलेला खाऊचा डबा, दोन्हींभोवती मुलं सारख्याच वेगाने जमतात. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाईंची मुलगी आली. दातांच्या डॉक्टरीणबाईंचे जुळे मुलगे एकमेकांना ढकलत आले. शिंप्याचा धाकटा आला. तो इतका गोल आणि हलका, की सगळे त्याला बुडबुडा म्हणतात. आणि आमची नात तर आधीच पालथ्या बादलीवर बसून माझ्यावर लक्ष ठेवून होती. तिला घरात फौजदार म्हणतात. का ते कळेलच.

मग मला राहवेना. मी कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल जिथे मिसळतं तो भाग, सोडवला आणि त्यातलं एकेक रुमालावर मांडलं; शेजारी प्लगही ठेवला.

"तू जेट," मी बेकरीवाल्या बाईंच्या मुलीच्या तळहातावर तो पितळी दाणा ठेवला. "सगळं पेट्रोल तुझ्यातून जाणार. पण लक्षात ठेव, तुझ्यात कचऱ्याचा एक कण जरी गेला तरी सगळी होडी बंद."

तिने ओठ घट्ट मिटले.

"तुम्ही दोघं मिळून प्लग." जुळ्या भावांनी प्लगची दोन टोकं धरली. "ठिणगी कशी पडते? मधे फट असते म्हणून. फार जवळ आलात, ठिणगी नाही. फार लांब गेलात, ठिणगी नाही. बरोब्बर एवढंच अंतर."

जन्मापासून एकमेकांच्या अंगावर पडलेली ती दोघं पोरं चक्क सरळ उभी राहिली. मधे फक्त प्लग.

"बुडबुड्या, तू फ्लोट. पेट्रोलच्या वाटीत तरंगायचं. वाटी भरली की वर जायचं आणि नळ बंद करायचा. रिकामी झाली की खाली यायचं, नळ उघडायचा."

"भरली की वर," बुडबुडा म्हणाला. "रिकामी की खाली."

"शाबास."

फौजदार बादलीवरून उठली. "आणि मी?"

तोवर रुमाल रिकामा झाला होता. मी इकडेतिकडे बघितलं आणि इंजिनाच्या पुढच्या बाजूची लाल क्लिप काढून तिला दिली. तिला वेटोळ्याची लाल दोरी होती.

"हे काय? हे तर किल्लीला लावतात तसलं आहे," ती म्हणाली. "हा इंजिनाचा भाग तरी आहे का?"

"सगळ्यात मोठा. ही दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधतात. तो पाण्यात पडला की क्लिप निघते आणि इंजिन बंद. ही जागेवर नसेल तर इंजिन सुरूच होत नाही. म्हणजे तुझ्या परवानगीशिवाय पंखा फिरणार नाही."

"कोणी वेड्यासारखं वागलं तर?"

"होडीत कोणी उभं राहिलं, वेड्यासारखं वागलं, तर विचारायचं नाही, सांगायचं नाही. क्लिप काढायची."

"तुम्ही वागलात तरी?"

"मी वागलो तरी."

"वचन?"

"वचन," मी म्हणालो. आणि शेवटचा नियम सगळ्यांना सांगितला: आपला भाग मोठ्या माणसाच्या हाती द्यायचा नाही. मोठी माणसं वस्तू नीट ठेवतो म्हणतात आणि मग घरभर शोधतात. बसवायची वेळ आली की ज्याचा भाग त्यानेच येऊन बसवायचा.

वर्ग इतका रंगला की मला शाळेची आठवण झाली. स्वच्छ फडकं आणायला मी आत गेलो, तर आजीने दारातच अडवलं. "एकदा ऐकता का? मधल्या ओळीत श्वास पुरत नाहीये."

मी ऐकलं. गाणं सुरेख होतं. मधल्या ओळीत श्वास खरंच पुरत नव्हता. तिचे हात थरथरत होते, हेही मी पाहिलं. म्हटलं, काही झालं तरी हिला उद्या पलीकडे न्यायचंच. अगदी वेळेवर आणि कोरडं.

फडकं घेऊन बाहेर आलो, तर अंगण रिकामं. दिवेलागणीची वेळ, आयांनी हाका मारल्या होत्या आणि मुलं आपापल्या घरी गेली होती. रुमालावर एक वॉशर होतं. इंजिनाचा घसा उघडा होता. बादलीवर फौजदार बसली होती.

"जेट कुठाय?"

"घरी गेलं," ती म्हणाली. "जेवायला."

"आणि प्लग?"

"तोही."

"तू अडवलं नाहीस?"

"कोणी उभं राहून वेड्यासारखं वागत नव्हतं."

आतून आजीचा आवाज आला, "अहो, झालं का?"

"झालंच," मी म्हणालो, आणि चपला शोधू लागलो.

बेकरीत पोहोचलो तेव्हा काचेच्या कपाटासमोर गिऱ्हाइकांचा घोळका होता, पण कोणी काही घेत नव्हतं. सगळे आत बघत होते. आत बेकरीवाल्या बाई ताज्या पावाचा तुकडा पुढे धरून उभ्या, आणि समोर स्टुलावर त्यांची मुलगी, ओठ शिवल्यासारखे मिटून.

"बघा ना काका," बाई माझ्यावरच धावून आल्या. "रोज संध्याकाळी ही इथे बसून खाते, तिचं बघून चार माणसं आत येतात. आज तोंडच उघडत नाही. बाहेर बोलायला लागलेत की बेकरीवालीची पोर बेकरीतलं खात नाही, म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे."

"का खात नाही म्हणते?"

"कचरा जाईल म्हणते. माझ्या पावाला कचरा म्हणते, भर दुकानात!"

एका आजोबांना हातातला पाव हळूच परत ठेवताना मी पाहिलं. मी गिऱ्हाइकांकडे वळून जेट म्हणजे काय ते समजावायला सुरुवात केली. पितळ, भोक, पेट्रोल. 'पेट्रोल' शब्दाबरोबर आणखी दोघं गेले.

"काका," बाई कळवळून म्हणाल्या, "तुम्ही माझ्या वतीने बोलू नका."

मी मुलीच्या कानात म्हणालो, "बाळ, जेट बसवायची वेळ झाली." तिने मान डोलावली. मूठ उघडली नाही. तशीच स्टुलावरून उतरून माझ्यामागे निघाली, आणि तिची आई हातात पाव घेऊन तिच्यामागे.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात घरातूनच दार आहे. तिथे आम्ही पोहोचतोय तोच समोरचं दार उघडून एक गृहस्थ गळ्यात कागदी लाळेरं आणि गालात कापूस घेऊन रस्त्यावर धावत गेले. त्यांच्यामागे डॉक्टरीणबाई. "अहो, एकच दाढ राहिलीय! या परत!"

ते परत आले नाहीत. डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या.

"ही तुमचीच शिकवण ना?"

आतल्या दारात जुळे भाऊ उभे होते. प्लगची दोन टोकं दोघांच्या चिमटीत, मधे बरोब्बर तेवढंच अंतर. दारातून दोघं एकदम आत येऊ शकत नव्हते, मागेपुढे होऊ शकत नव्हते, म्हणून बाजूबाजूने खेकड्यासारखे सरकत आले होते.

"मी ड्रिल सुरू केलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि यांना वाटलं इंजिन सुरू झालं. दोघं एकदम ओरडले, ठिणगी! तो बिचारा खुर्चीतून असा उडाला, की मला वाटलं दाढ आपोआप आली."

"पण यांच्यात आज भांडण झालं का?" मी विचारलं.

त्या थबकल्या. "नाही, तेवढं मात्र नाही. दुपारपासून एक चापट नाही." मग त्यांना आपण रागावलेल्या आहोत हे आठवलं. "पण तो विषय वेगळा. माझा पेशंट गेला, मी हे इंजिन सुरू झालेलं बघणार आहे. उद्या मलाही त्याच होडीतून यायचंय. गटात मी आहे आणि या बेकरीवाल्या बाईही."

बेकरीवाल्या बाईंनी पावासकट मान डोलावली. म्हणजे आता आजीचं एकटीचं गाणं नव्हे, अख्खा गटच माझ्या त्या वॉशरवर लटकला होता.

परत आलो तर जिन्यात वरच्या मजल्यावरचे वकील उभे. कमरेला टॉवेल, डोक्यापासून छातीपर्यंत साबणाचा फेस, एक डोळा उघडा.

"इमारतीचं पाणी कोणी बंद केलं?" फेसातून आवाज आला. "मी कोर्टात जाईन."

"असेच?" बेकरीवाल्या बाईंनी विचारलं.

माझ्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. भरली की वर. वर म्हणजे गच्ची. मी जिना चढू लागलो. वाटेत शिंपीणबाई भेटल्या. "बादली भरली म्हणून हाक मारली तर आमचा धाकटा 'भरली!' म्हणून पळतच सुटला हो."

गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी बुडबुडा मांडी घालून बसला होता. मोठा व्हॉल्व्ह पार घट्ट फिरवलेला. फ्लोट खिशात.

"चल खाली, बाळ."

"रिकामं झालं का?"

"काय?"

"रिकामं झालं की खाली यायचं. भरलेलं असलं तर नाही."

मी शिकवलेलं तो मलाच ऐकवत होता, आणि खरं सांगतो, बाळांनो, गुडघे दुखत असूनही मला त्याला उचलून घ्यावंसं वाटलं. "सगळं रिकामं झालंय," मी म्हणालो. "तुझ्या आईची बादली सोडली तर अख्खी इमारत रिकामी आहे. वकीलकाका तर पार वाळत चालले आहेत."

"मग ठीक," म्हणून त्याने व्हॉल्व्ह उघडला आणि माझं बोट धरून खाली आला.

अंगणात आता सभा भरली होती. पाणी नळाला यायला वेळ लागतो, नळ नुसते फुसफुसत होते, म्हणून वकीलही तसेच फेसात येऊन उभे राहिले. दोषी कोण ते त्यांना समक्ष बघायचं होतं. मी दिवा लावला. बुडबुड्याने फ्लोट बसवला. बेकरीवाल्या बाईंच्या मुलीने जेटमधून फुंकर मारली, आरपार बघितलं आणि जागेवर ठेवलं. मी फिरवून घट्ट केलं. तिने लगेच वळून आईच्या हातातला पाव घेतला, मग पिशवीतला दुसरा घेतला. जुळ्या भावांनी प्लग दोन्ही बाजूंनी धरून आत सरकवला, आणि सरकवून होताच एकमेकांना एकेक धपाटा घातला. दिवसभराचं साठलेलं होतं.

फौजदार पुढे आली. सगळ्यांकडे बघितलं. क्लिप लावली, दोरीचं दुसरं टोक मात्र माझ्याऐवजी स्वतःच्याच मनगटाला बांधलं.

"आता ऐका," मी सगळ्यांना म्हणालो, "दोरी ओढली की आधी हवा आणि पेट्रोल..."

"ओढा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी ओढली. एका ओढीत इंजिन सुरू झालं. काय तो आवाज! खोकला नाही, शिंक नाही. पण बोलण्याच्या भरात एक गोष्ट बघायची राहिली होती. गिअर पडलेला होता, म्हणजे पंखा इंजिनाला जोडलेलाच होता. पंख्याने पिंपातलं पाणी खालून वर असं उसळवलं, की क्षणभर अंगणात पिंपाच्या जागी एक झाड उभं राहिलं, आणि ते झाड वकिलांच्या अंगावर कोसळलं. मी बटण शोधायला वाकलो आणि चिखलात सपशेल बसलो. डॉक्टरीणबाई पालथ्या बादलीवर चढल्या. पिंप हिंदकळत दाराकडे निघालं.

फट्. एकदम शांतता.

फौजदार हातात क्लिप घेऊन उभी होती. "विचारलं नाही," ती म्हणाली. "सांगितलं नाही."

वकील स्वच्छ झाले होते. कानामागेसुद्धा फेसाचा मागमूस नव्हता. त्यांनी दोन्ही डोळे उघडले, स्वतःकडे बघितलं आणि विचार करून म्हणाले, "कोरडा टॉवेल आहे का कोणाकडे?" कोर्टाचा विषय पुन्हा निघाला नाही.

खिडकीतून आजीने हे सगळं पाहिलं. "सुरू होतं ना ते?" तिने एवढंच विचारलं.

"एका ओढीत," मी चिखलातून सांगितलं.

"मग आता त्याला हात लावू नका."

रविवारी सकाळी नदी अशी सपाट होती, जणू इस्त्री केलेली. होडीत पुढे आजी, मधे बेकरीवाल्या बाई आणि डॉक्टरीणबाई, मागे इंजिनाशी मी आणि माझ्या शेजारी फौजदार. धक्क्यावर बाकीची मुलं आपापल्या इंजिनाला निरोप द्यायला उभी. फौजदारने सगळ्यांच्या लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून बघितले, माझा दोनदा, आणि मगच क्लिप लावली.

एक ओढ. इंजिन उन्हात पहुडलेल्या मांजरासारखं घुरघुरू लागलं. पाण्याला दोन्ही बाजूंनी सरळ घडी पडत गेली. काठ मागे सरकला. आजीच्या हातांची थरथर अजून थांबली नव्हती, पण तिने वळून माझ्याकडे बघितलं आणि ती किंचित हसली. झालं! मला दुसरं काही नको होतं.

नको कसं? हवं होतं. बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, "काका, आवाज किती गोड येतोय हो."

"का येतोय सांगू?" मी म्हणालो. "हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण..." आणि प्रमाण दाखवायला उभा राहिलो. बसून शिकवणं मला जमतच नाही. शाळेतली माझी खुर्ची मी निवृत्त झालो त्या दिवशीही नवीकोरी होती.

इंजिन बंद पडलं.

नदीच्या बरोब्बर मध्यावर. प्रवाहाने होडीचं नाक हलकेच वळवलं, ते कारखान्याच्या दिशेने.

"काही नाही, काही नाही," मी म्हणालो. झाकण काढलं. दोरी ओढली. घर्र, आणि गप्प. पुन्हा ओढली. गप्प.

"कचरा गेला असेल," बेकरीवाल्या बाई म्हणाल्या. "माझी पोर सांगत होती."

"नेमकं कुठे दुखतंय ते आधी बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उगाच सगळं उपटू नका."

मी प्लगची टोपी दाबली, कार्ब्युरेटरवर टिचकी मारली, मनातल्या मनात चारही पोरांवर संशय घेतला. फ्लोट अडकला? जुळ्यांनी शेवटच्या धपाट्यात फट बिघडवली? कारखान्याची चिमणी मोठी होत चालली होती. तिच्याखालचा तो ओळखीचा चिखलही दिसू लागला. आजी एक शब्द बोलत नव्हती. तिने फक्त मांडीवरची गाण्याची पिशवी घट्ट धरली होती. तिच्या आयुष्यातलं पहिलं एकटीचं गाणं, आणि ते मी बेडकांना ऐकवणार होतो.

"आजोबा," फौजदार म्हणाली.

"थांब गं."

"आजोबा, तुम्ही बसा."

"अगं, बसून आतलं कसं दिसेल?"

"तुम्ही बसल्याशिवाय मी आत जाणार नाही."

मी वळून बघितलं. तिच्या मुठीतून लाल दोरी लोंबत होती.

"तू बंद केलंस?"

"तुम्ही उभे राहिलात."

"मग सांगायचं नाही का?"

"नाही सांगायचं. तुम्हीच म्हणालात. विचारायचं नाही, सांगायचं नाही, काढायची." ती शांतपणे म्हणाली. "वचन दिलंत."

होडीच्या पुढच्या टोकाकडून एक आवाज आला. आजी हसत होती. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "इतकी वर्षं," ती म्हणाली, "इतकी वर्षं मी ही क्लिप शोधतेय हो."

मी बसलो. फौजदारने क्लिप लावली. एका ओढीत इंजिन सुरू झालं आणि चिमणी पुन्हा लहान होऊ लागली. उरलेल्या नदीभर मी हवा, पेट्रोल, प्रमाण, कशाबद्दलही बोललो नाही. बोलायला तोंड उघडलं की शेजारी लाल दोरी किंचित ताठ व्हायची. त्या शांततेत फक्त इंजिनाची एकसुरी घुरघुर होती. आजीने डोळे मिटले, त्या घुरघुरीतूनच आपला सूर उचलला आणि गुणगुणू लागली. मधली ओळ आली. श्वास पुरला. पुरून उरला. मी बघितलं, तिचे हात आता मांडीवर निवांत पडले होते.

सभागृहात आम्ही वेळेवर आणि कोरडे पोहोचलो. आजी एकटी पुढे आली आणि गायली. कशी गायली ते मी सांगत नाही. मी तिचा नवरा आहे, तुम्ही म्हणाल फुगवून सांगतोय. एवढंच सांगतो, की मधल्या ओळीनंतर सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही, आणि गाणं संपल्यावर टाळ्या इतक्या झाल्या की मीच सगळ्यांत आधी उठून उभा राहिलो. टाळ्या ओसरल्या, सगळे बसले. मी उभाच. मागच्या रांगेतला एक माणूस मला म्हणाला, "काय दमसास आहे हो बाईंचा!"

"त्याचं काय आहे," मी त्याच्याकडे वळून म्हणालो, "श्वास हा अगदी कार्ब्युरेटरसारखा असतो. म्हणजे बघा, हवा आणि..."

शेजारच्या खुर्चीवर फौजदारने खिशात हात घातला. लाल क्लिप बाहेर काढली, माझ्या कोटाच्या वरच्या काजात नीट अडकवली, दोरीचं टोक आपल्या मनगटाला बांधलं, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि खस्सकन ओढली.